एका तारेचा पडदा

हरियाणात पानिपत शहराजवळ काला अंब येथे १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मारक आहे. ते पाहून आल्यावर त्या काळातील मूळ कागद वाचण्याची ओढ लागते. मराठ्यांचे पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. ती शिकून घरबसल्या लिप्यंतर करणाऱ्यांपुढे मात्र एक अगदी आजचा प्रश्न उभा राहतो, तो पडद्याचा.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. दोन शब्दांमध्ये बहुधा जागा सोडत नसत. म्हणून एका बाजूला कागदाची संपूर्ण ओळ दिसावी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी मजकूर उतरवता यावा लागतो. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर ओळ अर्ध्यावर कापली जाते आणि वाचन चुकते. २७ इंची, २५६० बाय १४४० बिंदूंचा मॉनिटर या कामास पुरतो. (हे इंच कर्णरेषेवर मोजतात, रुंदीवर नव्हे.)

आता काही मॉनिटरांत डॉकची सोय आतच असते. यूएसबी-सीची एकच तार लॅपटॉपला जोडली की चित्र पडद्यावर येते आणि लॅपटॉपही चार्ज होतो. कीबोर्ड, माऊस आणि कित्येकदा इंटरनेटची तारही मॉनिटरलाच जोडता येते. सोय मोठी, पण किंमतही मोठी! साधा मॉनिटर आणि वेगळा डॉक कधी कधी स्वस्त पडतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

म्हणून मॉनिटरच्या आधी आपला लॅपटॉप पाहावा. दिसायला सारखे असले तरी सर्वच यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवीत नाहीत. माहितीपत्रकात त्या पोर्टापुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ असा उल्लेख आहे का, ते शोधा. नंतर चार्जरवरील वॅट वाचा. चार्जर ९० वॅटचा आणि मॉनिटर ६५ वॅटच देणारा असेल, तर जड कामाच्या वेळी बॅटरी उतरत जाऊ शकते. तारेचेही तसेच आहे. साधी यूएसबी-सी तार ६० वॅटपर्यंतच वीज नेते, आणि चार्जिंगच्या कित्येक तारांतून चित्र जातच नाही. मॉनिटरबरोबर आलेली तार म्हणूनच जपून ठेवावी.

लॅपटॉप जुना असून त्याला केवळ एचडीएमआय पोर्ट असेल, तर एका तारेचा हट्ट सोडावा. एचडीएमआयने चित्र मिळते, चार्जर वेगळा लावावा लागतो, एवढेच. वाचलेल्या पैशांत पाठीला आधार देणारी खुर्ची घेता येते.