भिंतीला पावसात राहायचंय, बाई!

फोटो बघितले गं सगळे. अंगणाच्या कोपऱ्यात सायकलची रिंग, फुटके कप, जुन्या खिडकीचे गज, कौलांची चवड, दोन घमेली आणि प्लायवूडच्या फ्रेमा. वर तुझा प्रश्न, ‘ताई, यातून कुंपणाची भिंत सजवायचीय, सुरुवात कुठून करू?’

खरं सांगू का, सुरुवात भंगारवाल्यापासून कर. लगेच रुसू नकोस! कुंपणाची भिंत म्हणजे दिवाणखाना नव्हे. चार महिने भिजायचंय तिला आणि मग एप्रिल-मेमध्ये भाजायचंय. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच बघ, ही याआधी उघड्यावर राहिलीय का? कौलं, शहाबादीचे तुकडे, गज, घमेली यांनी पाऊस बघितलेला असतो. कपबशा घरातल्या असल्या तरी त्यांच्यावर झिलई असते, त्याही टिकतात. प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठा मात्र नको म्हणजे नको. मी एकदा मोठ्या हौसेनं प्लायवूडचं फुलपाखरू लावलं होतं, आषाढ संपायच्या आत त्याचा पुन्हा सुरवंट झाला.

तुझ्याकडची कौलं बघून मला खरंच हेवा वाटला. एखादं उलटं करून घासून बघ, मागे कारखान्याचं नाव उमटलेलं सापडेल. बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला पहिला कारखाना काढला, म्हणून ही मंगलोरी कौलं. तशाच कौलांनी पुढे कोकणातली कितीतरी घरं शाकारली गेली. आता त्या जागी पत्रे आणि स्लॅब आले आणि कौलं परसात पडून राहिली. मागच्या बाजूला जो उंचवटा दिसतो ना, तो रीपेवर अडकवण्यासाठी असतो. तोच आपल्या कामाचा. भिंतीवर सागवानी रीप आडवी ठोक आणि कौलं तिच्यावर ओळीनं अडकव. रीपेसाठी ड्रिलनं भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसव आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घे, साधे गंजून भिंतीवर तपकिरी ओघळ सोडतात. एकेक कौल अडीच-तीन किलोंचं असतं. वाऱ्यानं हलू नये म्हणून खालचं टोक तारेनं बांध, आणि मुलं खेळतात तिथे डोक्यावरच्या उंचीला काहीच टांगू नकोस.

फुटक्या कपांची नक्षी हे दुसरं काम, त्याच दिवशी करायला जाऊ नकोस. चंडीगढचं रॉक गार्डन बघितलंयस का? नेकचंद रस्ते खात्यात नोकरीला होते, 1957 पासून ते गुपचूप टाकाऊ वस्तू गोळा करत होते आणि 1976 मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. तिथल्या मूर्ती नीट बघ. कुणाच्या अंगावर नुसत्या बांगड्या, कुणाच्या अंगावर नुसती फुटकी क्रोकरी. सगळं एकत्र कालवलं असतं, तर तो उकिरडाच दिसला असता. तूही एका पट्ट्याला एकच जात घे. निळे कप असतील तर निळेच.

कप गोणपाटात गुंडाळून हातोडी मार, चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच. तुकडे आधी वर्तमानपत्रावर मांडून बघ, मगच भिंतीकडे जा. भिंतीवरचा रंग खरवडून प्लास्टर उघडं कर, कारण डिस्टेंपरवर चिकटवलेलं रंगासकट सुटून येतं. टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापर, लाकडाचा पांढरा गोंद पावसात टिकत नाही. दुसऱ्या दिवशी फटी ग्राउटनं भर, थोडं आवळलं की ओल्या स्पंजनं पुसून घे. सिमेंट उघड्या हातांनी कालवू नकोस गं, कातडी सोलवटते. हे सगळं दिवाळी झाल्यावर काढ. भर पावसाळ्यात भिंतच ओली असते, आणि वैशाखात ती माल घट्ट व्हायच्या आतच पाणी शोषून घेते.

गजांवरच्या जुन्या रंगाचं मात्र मनावर घे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासून धूळ उडवू नकोस. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरनं घास, मास्क लाव, बाळाला आत ठेव आणि खरवडलेलं मातीत पडू देऊ नकोस. मग रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट. घमेल्यांना तळाशी भोकं पाड. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो.

राहता राहिल्या सासूबाई. ‘फुटकं घरात ठेवू नये’ म्हणतायत ना? वाद घालू नकोस. भिंत घराबाहेर आहे, एवढंच सांग. मागे तडा गेलेली त्यांची लोणच्याची बरणी माळ्यावर आहेच, तिचा एखादा तुकडा त्यांच्याकडूनच मागून घे आणि कुठे बसवायचा ते त्यांनाच विचार. बघ, दुपारी खुर्ची घेऊन तुझ्या मागे बसतात की नाही, आणि बसल्या की चार सूचनाही करतील. त्यातल्या दोन ऐक, बाकीच्यांना मान डोलव.