टँकरचा हिशेब, ग्रुपमधून

सिडकोने वसवलेल्या करंजाड्यात उन्हाळा आला की पाण्याची ओरड सुरू होते. सोसायट्या टँकर मागवतात आणि महिनाअखेरीस बिलावरून सभेत जुंपते. प्रत्येक टँकरची खबर वॉचमनने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असते, पण ती शोधायची कुणी? संगणकाला लावा कामाला.

आधी जुन्या सभासदाचा फोन घ्या. आपण ग्रुपमध्ये आल्यानंतरचेच मेसेज सहसा आपल्या फोनवर असतात. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर मुदत संपलेले मेसेज हाती लागायचे नाहीत, त्यांचा नाद सोडा.

अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, ‘मोअर’, ‘एक्सपोर्ट चॅट’, ‘विदाउट मीडिया’. आयफोनवर हाच पर्याय ग्रुपच्या माहितीत तळाशी असतो. ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ लावलेली असेल तर एक्सपोर्ट होत नाही. ॲडमिनला सांगून ती काढून घ्या. आलेली फाइल स्वतःलाच मेल करा.

आता गूगल शीट्स. पहिला रकाना निवडून ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘प्लेन टेक्स्ट’ करा, मगच फाइलीतला मजकूर चिकटवा. ही पायरी गाळू नका. कुणीतरी मेसेजच्या नव्या ओळीत ‘+१’ लिहिलेलं असतंच, आणि शीट त्याला गणित समजून बसते.

दुसऱ्या रकान्यात हे सूत्र टाका. फंक्शनचं नाव आणि रकान्याचं अक्षर इंग्रजीत, बाकी फाइलीत दिसतं तसंच:

=काउंटइफ(ए:ए,"*/०५/२५*वॉचमन:*टँकर*")

‘*’ या चिन्हाच्या जागी काहीही चालतं. म्हणजे मे २०२५ मध्ये वॉचमनने पाठवलेले, ‘टँकर’ शब्द असलेले मेसेज. पाठवणाऱ्याचं नाव मजकुराच्या आधी येतं, म्हणून क्रम हाच ठेवायचा. ‘वॉचमन’च्या जागी ज्या फोनवरून फाइल काढली त्यात त्याचा नंबर ज्या नावाने सेव्ह आहे ते नाव घाला. वॉचमनचं नाव वगळलंत तर ‘टँकर आला का?’ विचारणारे अर्धे सभासदही मोजले जातील, आणि तो आकडा घेऊन सभेत उभं राहिलात तर हसं होईल.

खरी गोम शुद्धलेखनात आहे. कुणी टँकर लिहितं, कुणी टॅंकर, कुणी टेंकर, कुणी थेट इंग्रजीत. प्रत्येकासाठी वेगळं सूत्र टाकून बेरीज करा. एकाच टँकरचे दोन मेसेज असू शकतात, म्हणून ‘डेटा’ मेनूतला फिल्टर लावून त्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. मग आकडा टँकरवाल्याच्या चलनांशी ताडून पाहा. दहा हजार लिटरचा आला की त्याहून लहान, हे चलनावरच कळेल.

फाइलीत सगळ्यांची नावं, नंबर आणि भांडणं आहेत. ती ग्रुपवर टाकू नका, शीटची लिंक कुणाला उघडी देऊ नका आणि काम झालं की दोन्ही डिलीट करा. सभेत फक्त आकडा आणि चलनं न्या.