हात लावू नको, विचारत राहा

पोरी, नववी-दहावीच्या पोरांचे प्रकल्प यंदा तुझ्याकडे आलेत, तर ऐक. विषय मोबाइलवर शोधू नको. टेंभू-ताकारी उपसा योजनांचं पाणी आपल्या कडेगाव तालुक्यात आलं, मागोमाग रानोरान ठिबकही आलं. पण पहिल्या उसाला मिळतं तेवढंच पाणी सरीच्या शेवटच्या उसाला मिळतं का?

पोरांना तेच मोजू दे. तासाला ४ लिटरचा ड्रीपर असेल, तर मिनिटाला साधारण ६७ मिलिलिटर पडायला हवं. मापाचं भांडं धरायचं, घड्याळ लावायचं. लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, प्रत्येक ठिकाणी तीनदा. आकडे जुळले नाहीत की पोरं तुझ्या तोंडाकडे बघतील. तेव्हा उत्तर देऊ नको. ‘कशामुळं असेल?’ एवढंच विचार. कुणी म्हणेल ड्रीपर तुंबलाय, कुणी म्हणेल दाब कमी पडतोय. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी फिल्टर धुऊन मोजायचं, नंतर एंड कॅप काढून लॅटरल धुवायची आणि परत मोजायचं. दोन्ही एकदम केलं तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

वहीचं पान फाडू द्यायचं नाही. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, खाली वाचता आला पाहिजे. मी परीक्षक म्हणून बसायचो तेव्हा आधी वही मागायचो. बाहेरून करून आणलेल्या थर्माकोलच्या मॉडेलला वही नसते.

सगळं तुलाच यायला हवं असं नाही. मोहरमच्या आधी पोरांना कडेगावात ताबूत बांधणाऱ्यांकडे ने. शंभर फुटांवर जाणारा अष्टकोनी बांबूचा सांगाडा, तोही आधी कळस मग पाया! का, ते त्यांनाच विचारू दे. मग छोटी चौकट बांधून तिला बादली टांगावी, वाळू ओतत जावं आणि कुठली गाठ आधी सुटते ते बघावं.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी, आणि तिथं गावातलाच प्रश्न लागतो. जरूर पाठव. पण त्याआधी ज्याच्या रानात मोजलं त्या शेतकऱ्याला आकडे सांगायला पोरांनाच पाठव, आणि तो उलटे प्रश्न विचारील तेव्हा तू मध्ये बोलू नको.