बालपणीचा आहार, प्रौढांचे पथ्य : कण्या व हुलग्याचे माडगे

सांगितलेले पथ्य रुग्ण आठ दिवस पाळतो व नवव्या दिवशी सोडतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. आपण वर्ज्य पदार्थांची यादी देतो. आवडीने खावे असे फारसे काही देत नाही, हे त्याचे एक कारण होय. सोलापूर परिसरातील रुग्णांना लहानपणापासून परिचित असलेले दोन पदार्थ प्रौढ वयात पथ्य म्हणून कसे योजावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ज्वारीच्या कण्या : मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भावप्रकाशात यावनाल शीत, स्वादु-कषाय, लघु, रूक्ष व कफपित्तहर सांगितला आहे. लहानपणी कण्या दूध-गुळाबरोबर खाल्ल्या जातात. प्रौढांत गूळ वगळून जिरे, सुंठ व सैंधव योजावे. रूक्षता लक्षात घेऊन वातप्रकृतीच्या रुग्णास चमचाभर गाईचे तूप द्यावे. शार्ङ्गधरोक्त प्रमाण येथे उपयोगी पडते : पेयेस चौदापट, यवागूस सहापट व विलेपीस चौपट पाणी. ज्वरानंतर अग्नी मंद असता पेयेपासून आरंभ करून क्रमाने विलेपीवर यावे.

प्रमेही रुग्णास मात्र स्पष्ट सांगावे की, कण्या म्हणजेही ज्वारीच. त्या भाकरीऐवजी घ्याव्यात, भाकरीबरोबर नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने जेवण टाळून केवळ पातळ पेयेवर राहू नये. रक्तशर्करा अकस्मात उतरण्याचा धोका असतो.

हुलग्याचे माडगे : हुलगे भाजून केलेले पीठ पाण्यात कालवून गूळ, सुंठ घालून शिजवतात. काही घरांत त्यात दूधही घालतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात कुलत्थ व दुग्ध यांचा संयोग विरुद्ध मानला आहे. म्हणून दूध वर्ज्य करावे. प्रौढांसाठी गुळाऐवजी जिरे, लसूण व तुपाची फोडणी द्यावी. कुलत्थ उष्ण, कषाय, अम्लविपाकी व कफवातघ्न असल्याने प्रतिश्याय, कास व श्वासात हे हितकर ठरते. तथापि रक्तपित्त व अम्लपित्ताच्या रुग्णांस, गर्भिणीस, तसेच सोलापूरच्या वैशाखात पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस ते देऊ नये. वृक्कविकारात प्रथिने व पोटॅशियम यांचे बंधन असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याविना सुचवू नये.

औषधी दुकानदार बंधूंसाठी : तयार पीठ विक्रीस ठेवताना गूळ, साखर व मीठ यांचा उल्लेख वेष्टनावर आहे की नाही, हे पाहावे, रक्तदाबाच्या रुग्णास मिठाचे प्रमाण कळणे अगत्याचे आहे. असे पीठ स्वतः तयार करून विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे. भाजलेले पीठ लवकर खवट होते. साठा थोडा व ताजा ठेवावा.

औषधपत्रावर ‘पथ्य पाळा’ एवढेच न लिहिता पदार्थ, प्रमाण, काळ व निषेध या चार गोष्टी लिहाव्यात. ओळखीचे अन्न रुग्ण आवडीने घेतो आणि त्यामुळे पथ्यही टिकते, असे आमचे मत आहे.