धरण फुटलंच नव्हतं

नववीत जलसुरक्षा विषयाचा प्रकल्प होता, आपल्या जवळच्या धरणाची माहिती. आम्ही पाटण तालुक्यातले, त्यामुळे कोयना ठरलेलंच. वही द्यायच्या आदल्या रात्री मी बाबांचा मोबाईल घेतला आणि एआयच्या अ‍ॅपमध्ये प्रश्न टाकला : ‘१९६७ च्या भूकंपात कोयना धरण फुटल्यावर काय झालं?’

काही सेकंदांत उत्तर आलं. संध्याकाळची वेळ, भरलेला बाजार, भिंतीला गेलेला तडा, मग पाण्याचा लोंढा आणि वाहून गेलेली गावं. शेवटी एका पुस्तकाचं नाव, लेखकासकट. मी ते सगळं चांगल्या अक्षरात वहीत उतरवलं आणि लाल शाईने मथळा दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे पुस्तक कुठं मिळालं तुला?”

“ग्रंथालयात,” मी म्हणाले.

पुस्तकाचं नाव मी त्या उत्तराबाहेर कुठेच पाहिलं नव्हतं. धरणाबद्दलचं चुकलं ते अज्ञानाने, पण हे खोटं मी स्वतः बोलले आणि आजही मला तेच जास्त लागतं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचं रजिस्टर बाईच सांभाळायच्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “कोयना कृष्णेला कुठं मिळते? कराडला. मग धरण फुटलं असतं तर कराडचं काय झालं असतं, याचा विचार तरी केलास का?”

घरी येऊन आज्जीला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबवून म्हणाली, “धरान कुटं फुटलं गं? फुटलं असतं तर मी हितं बसले असते व्हय? आन सांजंला न्हवं, पहाटंचं झालं ते. सगळी झोपेत हुती.”

आज्जी तेव्हा बारा वर्षांची होती. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चारनंतर. थंडीचे दिवस, दगडमातीची घरं. तिचा सहा वर्षांचा भाऊ भिंतीखाली गेला. उरलेली माणसं कितीतरी दिवस शेतात खोपी घालून राहिली, कारण जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. हे मला पंधरा वर्षं माहीत नव्हतं. तिचा भाऊ भूकंपात गेला एवढं ऐकलं होतं, पण त्या रात्रीबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. माहिती मोबाईलमध्ये असते आणि आज्जी चुलीपाशी असते, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि नंतर त्याला बळकटी दिली गेली. फुटलं होतं ते पानशेत, १२ जुलै १९६१ ला, आणि पाणी शिरलं होतं पुण्यात. लहानपणापासून कानावर पडलेल्या या दोन गोष्टी माझ्या मनात एक झाल्या होत्या. तीच चूक मी प्रश्नात घातली आणि यंत्राने ती उचलून धरली.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. अशा साधनाला अफाट लिखाण दाखवून शिकवलेलं असतं आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, यावर ते वाक्य जुळवत जातं. काही साधनं आता इंटरनेटवर शोधूनही सांगतात, पण शोधलेलं जोडतानाही चूक होऊ शकते. तुमच्या प्रश्नात ‘धरण फुटल्यावर’ असेल, तर ते तुम्हाला अडवेलच असं नाही. आणि चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम, नीटनेटक्या भाषेत येतं. वाचताना फरक कळत नाही. कळायचा तर आधी स्वतःला थोडं तरी माहीत असावं लागतं.

म्हणून आठवी ते दहावीतल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी कोऱ्या पानावर तुम्हाला काय माहीत आहे आणि ते कुठून माहीत आहे, हे लिहा. पाचच ओळी होतील, होऊ द्या. मग पाठ्यपुस्तक उघडा, घरच्यांना विचारा, आणि त्यानंतर एआयकडे जा. गेल्यावर ‘असं झालं का?’ असं विचारा, ‘असं झाल्यावर काय?’ असं नको. त्याने पुस्तकाचं नाव दिलं, तर ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय वहीत लिहू नका. आकडा दिला, तर दुसरीकडे पडताळा. भूकंपाची तीव्रता मला एका झटक्यात एकच सांगितली गेली होती, प्रत्यक्षात वेगवेगळ्या नोंदींत ती ६.३ पासून ६.६ पर्यंत दिलेली आहे. ती का वेगळी येते, हे समजून घेताना मला भूकंप कसा मोजतात ते पहिल्यांदा नीट कळलं.

निबंधाचंही थोडं सांगते. माझी एक मैत्रीण नववीभर सगळं प्रसंगलेखन एआयकडून लिहून घ्यायची. दहावीच्या सराव परीक्षेत पहिलं वाक्य सुचेपर्यंत तिचा अर्धा तास गेला. ती हुशार होती आणि आहे, फक्त पहिलं वाक्य लिहायची सवय वर्षभर दुसऱ्या कुणाला लागली होती.

बाईंनी मला प्रकल्प पुन्हा करायला दिला. एआय वापरू नको, असं त्या म्हणाल्या नाहीत. काय विचारलंस आणि काय उत्तर आलं, दोन्ही वहीच्या शेवटी लिही, म्हणाल्या. ही अट मला इतकी पटली की आज अकरावीतही मी ती पाळते. लपवायचं नसेल तर माणूस आपोआप चांगले प्रश्न विचारतो.

या वेळी मी आज्जीचं बोलणं मोबाईलवर टिपलं, माझ्या शब्दांत लिहिलं आणि मग एआयला विचारलं, ‘भूकंप पाहिलेल्या माणसाला आणखी काय विचारता येईल?’ त्याने सुचवलं, विहिरींचं पाणी, जनावरं, मदत कधी पोचली. विहिरीचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आज्जी लगेच म्हणाली, “आमच्या हिरीचं पानी लई दिस गढूळ हुतं.” ही ओळ मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती, आणि यंत्राशिवाय तो प्रश्नही मी विचारला नसता. योग्य वापर मी यालाच म्हणते.

मग आज्जीचं सगळं बोलणं जसंच्या तसं एआयमध्ये टाकून नीट करून घ्यावं, असं मनात आलं. तिला तसं सांगितल्यावर तिने विचारलं, “ह्ये कुणाकुणाला ऐकू जाणार?” मला उत्तर देता आलं नाही. आपण तिथे लिहितो ते कंपनीकडे साठवलं जाऊ शकतं, काही ठिकाणी पुढच्या प्रशिक्षणासाठीही वापरलं जातं. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, ती उगाच नाही. घरातली भांडणं, आजारपण, मैत्रिणीचं गुपित, कुणाचा फोटो यांतलं काहीही तिथे टाकू नका. ती गोष्ट बऱ्याचदा एकट्या आपली नसते.

मी ते बोलणं टाकलं नाही. हातानेच पुन्हा लिहून काढलं, चार रात्री लागल्या. शेवटच्या रात्री आज्जीला वाचून दाखवलं. भिंतीपाशी आले तेव्हा तिने मला थांबवलं आणि वहीवर बोट ठेवलं.

“हितं त्याचं नाव लिही,” ती म्हणाली. “मोबाईलात नको. हितं लिही.”