तीनच मशीन का? : लॅबच्या क्लाउडचा हिशोब

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या ग्रुपच्या एकुलत्या एका सर्व्हरचा एसएमपीएस उडाला आणि सगळ्यांचे प्रोजेक्ट त्यातच अडकले. 'एकच दणकट मशीन घेऊ' हा हट्ट माझाच होता! तेव्हापासून पुढचा हिशोब पाठ झालाय.

छोट्या खाजगी क्लाउडला किमान तीन सर्व्हर हवेत. दोनच असले आणि त्यांच्यातला संपर्क तुटला, तर काम कोणी चालू ठेवायचं हे ठरवायला बहुमतच उरत नाही.

रॅम : प्रत्येकी ६४ जीबी, एकूण १९२. पण एक मशीन पडलं तर उरलेल्या दोघांनी भार उचलायचाय, म्हणून धरायचे १२८च. त्यातले ८-८ जीबी त्या दोघांच्या स्वतःच्या कामाला सोडा. उरले ११२, म्हणजे ४ जीबीची २८ व्हर्च्युअल मशीन. प्रोसेसरचे कोर वाटून वापरता येतात, रॅममध्ये तेवढी ओढाताण चालत नाही.

डिस्क : प्रत्येकी ४ टीबी, एकूण १२. 'सेफ' ही स्टोरेज प्रणाली तीन प्रती ठेवते, म्हणून हातात फक्त ४. मात्र प्रती म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून डिलीट केलेली फाइल तिन्हीकडून जाते. बॅकअपची डिस्क वेगळीच ठेवा.

नेटवर्क : १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम १२५ एमबी. स्टोरेजसाठी १० गिगाबिटची वेगळी लाइन बरी.

आणि हो, तिन्ही मशीन एकाच यूपीएसवर लावू नका. ऑर्डर देण्याआधी स्वतःला विचारा, यातलं कुठलं मशीन आज रात्री बंद पडलं तर चालेल? उत्तर 'कुठलंही' आलं, तरच सही करा.