पेटी कुणासाठी भरायची?

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. माल वाशीला जातो आणि दलालाकडून पट्टी येते. येत्या हंगामात पुण्यातल्या ग्राहकांना थेट आंबा विकावा म्हणतो. नाव, छापील खोकी, वेबसाइट, जाहिरात. सुरुवात कशापासून करू? – एक बागायतदार

उत्तर : सुरुवात खाणाऱ्यापासून करा. खोकं आणि वेबसाइट कशी हवी, ते त्यानंतर आपोआप कळेल.

वाशीचा व्यापारी फळाचा आकार आणि त्या दिवशीची आवक बघून भाव काढतो. घरचं गिऱ्हाईक विचारतं, ‘खायला कधी तयार होईल?’ अक्षय्य तृतीयेला आमरस करणाऱ्या घराला फळ त्याच दिवशी पिकलेलं हवं. आकाराने लहान असलं तरी चालतं. भेट देणाऱ्याला मोठंच फळ लागतं. दोघंच राहणाऱ्या आजी-आजोबांची पाच डझनांची पेटी एकदम पिकली, तर निम्मी वाया जाते. त्यांना दर आठवड्याला एक डझन द्या, निम्मे तयार आणि निम्मे कडक. म्हणून ऑर्डर घेताना ‘किती डझन’ याआधी ‘कुणासाठी आणि कधी’ हे विचारा. अढीतले आणि प्रवासातले दिवस मागे मोजा, की तोडणीचा दिवस ठरतो.

मग गिऱ्हाइकाच्या मनातली भीती ओळखा. पहिली भीती, कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावावर गळ्यात पडण्याची. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या आणि पेटीवर गाव लिहा. दुसरी भीती कार्बाइडची. आंबा पिकवायला त्यावर बंदी आहे, तरी शंका उरतेच. पेटीत एक चिठ्ठी ठेवा : तोडणीची तारीख, गवताच्या अढीत किती दिवस ठेवला, कधी खावा. तिसरी भीती साक्याची. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने देठासकट उतरवा, तापल्या जमिनीवर ठेवू नका. साका कमी होतो. तरीही निघाला, तर फोटो पाठवताच फळ बदलून देऊ, हे आधीच सांगा. या एका शब्दावर जितका विश्वास बसेल, तितका छापील खोक्यावर बसणार नाही.

पहिल्या वर्षी सगळी बाग यात घालू नका. पुण्यातली एखाददुसरी सोसायटी धरा, म्हणजे एकाच गाडीत सगळ्यांचा माल पोचेल. उरलेला आंबा वाशीला जाऊ द्या. अडीनडीला तो बाजार हवाच. मेमध्ये आवक वाढून भाव उतरतो, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःहून कमी दर कळवा.

जूनमध्ये हिशेब मांडताना किती पेट्या खपल्या यापेक्षा किती घरांनी दुसऱ्यांदा मागवलं, ते आधी मोजा. ज्यांनी पुन्हा मागवलं नाही, त्यांना फोन करून कारण विचारा. पुढच्या हंगामाची आखणी त्या उत्तरांवरूनच करा.